वायरलेसची खोली आणि मस्जिद बंदरचे पुस्तक

आमच्या हुपरीत चांदीचा हिशेब ग्रॅमवर चालतो. कच्ची चांदी किती दिली, पैंजण किती वजनाचे आले, घट किती गेली, सगळे वहीत उतरते. कारखान्यातली झाडलोटीची मातीसुद्धा इथे कोणी फेकून देत नाही, तीही गाळायला जाते. म्हणून चांदीची एक बातमी इथल्या माणसाला जरा जास्तच भिडते. २०१२ आणि २०१३ या दोन वर्षांत अटलांटिक महासागराच्या तळातून, सुमारे ४,७०० मीटर खोलीवरून, एका बुडालेल्या जहाजातून २,७९२ चांदीच्या विटा वर काढण्यात आल्या. वजन शंभर टनांहून अधिक. विमा उतरवलेल्या विटांपैकी जवळजवळ सगळ्या सापडल्या. त्यातल्या काही चांदीची ब्रिटिश टांकसाळीने नाणी पाडली आणि नाण्यांच्या कडेवर जहाजाचे नाव कोरले. ते नाव होते 'गेरसोप्पा'.

जोगच्या धबधब्याला आपल्याकडे गेरसोप्प्याचा धबधबा म्हणायची जुनी पद्धत आहे. तेच हे नाव. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीला आपल्या बोटींना हिंदुस्थानातली गावे आणि ठिकाणे यांची नावे देण्याची हौस होती. १९४० च्या डिसेंबरात ही बोट कलकत्त्याहून चांदी, लोखंड आणि चहा घेऊन इंग्लंडकडे निघाली. वाटेत ती काफिल्यात सामील झाली. हवा बिघडली, कोळसा पुरेना, म्हणून ती काफिल्यापासून सुटून एकटी आयर्लंडच्या दिशेने वळली. १७ फेब्रुवारी १९४१ च्या रात्री जर्मन पाणबुडी यू-१०१ ने तिला गाठले. टॉर्पेडो लागला, पुढची डोलकाठी कोसळली आणि तिच्याबरोबर बिनतारी यंत्राची तारही खाली आली. त्यामुळे मदतीचा एकही संदेश बाहेर गेला नाही.

बोटीवरची ऐंशीहून अधिक माणसे गेली, एकटा वाचला. सेकंड ऑफिसर रिचर्ड आयर्स. तो ज्या होडीत होता तिच्यात बहुतेक भारतीय खलाशी होते. फेब्रुवारीची थंडी, अंगावर पातळ कपडे, मोजके पाणी. तेरा दिवसांनी ती होडी इंग्लंडच्या दक्षिण टोकाला, कॉर्नवॉलच्या खडकांपाशी पोहोचली तेव्हा तिच्यात मूठभरच माणसे जिवंत होती, आणि किनारा समोर दिसत असताना होडी लाटांनी उलटली. किनाऱ्यापर्यंत येऊन बुडालेल्यांत रॉबर्ट हॅम्पशायर नावाचा रेडिओ ऑफिसर होता. वय अठरा वर्षे. त्याची कबर तिथल्या चर्चच्या आवारात आहे. त्याचे नाव, वय आणि हुद्दा आज कोणालाही सहज सापडतो. त्याच होडीत त्याच्या शेजारी थंडीने गेलेल्या खलाशांची नावे शोधायला मात्र बरेच फिरावे लागते. ती इंग्लंडात नाहीतच. ती आपल्याकडे आहेत.

हा लेख त्या अठरा वर्षांच्या पोराविषयी आहे आणि त्या खलाशांविषयीही. दोघांना वेगळे करून आठवायची रीत पडली आहे, ती मला पटत नाही.

आधी वायरलेसच्या खोलीबद्दल. १९१२ मध्ये 'टायटॅनिक' बुडाली तेव्हा जॅक फिलिप्स आणि हॅरोल्ड ब्राइड या दोन बिनतारीवाल्यांचे नाव जगभर झाले. त्यानंतर मोठ्या जहाजावर बिनतारी यंत्र आणि ते चालवणारा माणूस असणे कायद्याने बंधनकारक होत गेले. हा माणूस बहुतेक वेळा जहाजाच्या कंपनीचा नोकर नसे. मार्कोनीसारखी कंपनी यंत्र भाड्याने देई आणि त्याच्याबरोबर चालवणाराही देई. म्हणजे तो जहाजावर असूनही थोडा परकाच. इतर अधिकारी त्याला 'स्पार्क्स' म्हणत, म्हणजे ठिणग्यावाला. त्याची खोली वरच्या डेकवर, कप्तानाच्या पुलाजवळ. भिंतीवर एक घड्याळ असे. त्यावर पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस मिनिटांचे दोन तुकडे लाल रंगवलेले. दर तासाला या तीन-तीन मिनिटांत समुद्रावरच्या प्रत्येक यंत्राने बोलणे बंद ठेवायचे आणि फक्त ऐकायचे. दूर कुठे एखादे दुबळे यंत्र मदत मागत असेल तर ते ऐकू यावे म्हणून. रोजच्या धबडग्यात दर तासाला सहा मिनिटे दुसऱ्याची हाक ऐकण्यासाठी राखून ठेवलेली! मला ही व्यवस्था फार आवडते.

युद्ध सुरू झाले आणि खोलीचे काम बदलले. आता जहाजाने बोलायचेच नाही. संदेश पाठवला की शत्रूला आपली जागा कळते. फक्त ऐकायचे, दिवसरात्र. शांततेच्या काळात मालवाहू बोटीवर एकच बिनतारीवाला पुरत असे, आता चोवीस तास कानाला यंत्र लावायला तिघे लागू लागले. इतकी माणसे आणायची कुठून? मग सतरा-अठरा वर्षांची पोरे काही महिन्यांच्या शिक्षणावर जहाजावर चढवली गेली. बोलायची परवानगी एकाच वेळी, हल्ला झाला की. त्यासाठी ठरलेली अक्षरे होती. पाणबुडी असेल तर एस हे अक्षर चार वेळा, शत्रूची युद्धनौका असेल तर आर चार वेळा, व्यापारी बोटीचा वेश घेतलेली लढाऊ बोट असेल तर क्यू. मग जहाजाचे नाव आणि जागा. शत्रूलाही हे ठाऊक होते. म्हणून वेशांतर केलेल्या जर्मन बोटी आधी हुकूम देत की बिनतारी वापरू नका, आणि तरी यंत्र वाजू लागले की तोफा त्या खोलीकडे वळत. इतरांना होडीकडे धावायची मुभा असताना या माणसाला खुर्चीत बसून राहावे लागे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचे हजाराहून अधिक रेडिओ ऑफिसर गेले.

गेरसोप्पाची तार तुटली आणि कोणी आले नाही. तार शाबूत राहिली तर काय होते त्याचे उदाहरण आपल्या मुंबईचे आहे.

'टिलावा' ही त्याच कंपनीची बोट. २० नोव्हेंबर १९४२ ला ती मुंबईहून आफ्रिकेकडे निघाली. मोंबासा, लोरेन्सो मार्क्स म्हणजे आजचे मापुटो, आणि दरबान. बोटीवर ७३२ उतारू, २२२ कर्मचारी आणि ४ तोफची. उतारूंत आफ्रिकेत दुकाने-पेढ्या असलेली, नोकरी-धंद्यासाठी जाणारी भारतीय कुटुंबे होती, बायकामुलांसह. तळाशी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने घेतलेल्या २,३६४ चांदीच्या विटा होत्या, सुमारे ६० टन. २३ नोव्हेंबरला पहाटेआधीच्या अंधारात जपानी पाणबुडी आय-२९ चा टॉर्पेडो लागला. गोंधळ उडाला, होड्या उतरल्या. बोट लगेच बुडाली नाही, आसपास घोटाळणाऱ्या काही होड्यांतल्या लोकांना ती वाचेल असेही वाटले. तेवढ्यात दुसरा टॉर्पेडो आला. पहिला रेडिओ ऑफिसर ई. बी. डंकन यंत्रावरून संदेश पाठवत राहिला आणि बोटीबरोबर गेला.

त्याचा संदेश ऐकला गेला. 'बर्मिंगहॅम' ही ब्रिटिश क्रूझर त्या जागेकडे आली आणि पाण्यावर विखुरलेल्या होड्या, तराफे, फळकुटे यांवरून माणसे उचलत राहिली. ९५८ पैकी ६७८ वाचले, २८० गेले. वाचलेल्यांना घेऊन बर्मिंगहॅम २७ नोव्हेंबरला मुंबईला परतली.

त्या चांदीचे पुढे काय झाले तेही ऐकावे. २०१७ मध्ये एका कंपनीने ती अडीच किलोमीटर खोलीवरून वर काढली. मग मालकी कोणाची यावर इंग्लंडात खटला उभा राहिला. तो खालच्या कोर्टातून वर चढत ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने निकाल लागला. शेकडो पाने लिहिली गेली. एका विटेचाही हिशेब चुकला नाही. याबद्दल तक्रार नाही, चांदी ज्याची त्याला मिळावी. चांदीच्या गावात राहून मी याविरुद्ध काय बोलणार? पण याच टिलावावर गेलेल्यांची आठवण मुंबईत जाहीरपणे झाली ती २३ नोव्हेंबर २०२२ ला, बॅलार्ड इस्टेटमध्ये, घटनेला ऐंशी वर्षे झाल्यावर. तीही मुख्यतः वाचलेल्यांच्या आणि गेलेल्यांच्या वारसांनी चिकाटी धरली म्हणून. १७ जुलै १९४७ ला रेवसच्या वाटेवर बुडालेली 'रामदास' कोकणाला आजही पाठ आहे, घराघरात तिच्या गोष्टी आहेत. टिलावा त्याआधी पाचच वर्षे मुंबईहून सुटून बुडाली, पण युद्धकाळात जहाजांच्या बातम्यांवर सेन्सॉर होते. जे छापलेच गेले नाही ते ओठांवर कुठून येणार?

आता खलाशांकडे येतो. युद्धाच्या तोंडावर ब्रिटिश जहाजांवर पन्नास हजारांहून अधिक भारतीय काम करत होते, म्हणजे त्या जहाजांवरच्या एकूण माणसांपैकी जवळपास चौथा हिस्सा. इंग्रज त्यांना 'लास्कर' म्हणत. शब्द आपलाच आहे. फारसी 'लश्कर', तो पोर्तुगिजांच्या तोंडातून फिरून इंग्रजीत गेला. फौज या अर्थाचा रुबाबदार शब्द जहाजावर पोहोचता पोहोचता हमालाच्या पायरीवर आला. वर्गात शब्दांचे प्रवास सांगताना मी हा शब्द नेहमी घेतो. 'सारंग' तसाच. फारसी 'सरहंग' म्हणजे सेनानायक, जहाजावर झाला खलाशांचा मुकादम. त्याच्या हाताखाली टंडेल, मग कसब, खलाशी, खाली इंजिनाजवळ आगवाले, स्वयंपाकाला भंडारी. १८११ मध्ये टॉमस रोबक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या जहाजी हिंदुस्तानीचा कोश कलकत्त्यात काढला होता, कारण ती बोली समजल्याशिवाय गोऱ्या अधिकाऱ्याला जहाज हाकता येत नसे. उर्दूच्या इतिहासात या कोशाला कोणी फारसे विचारत नाही. आमच्या उर्दूचा इतिहास लखनौ-दिल्लीच्या दिवाणखान्यात सुरू होतो आणि तिथेच संपतो. डेकवरची उर्दू त्याला आठवत नाही.

रत्नागिरीकडच्या मुस्लिम वस्त्यांत सारंग, तांडेल, नाखवा ही आडनावे आजही आहेत. बाणकोटपासून विजयदुर्गपर्यंतच्या खाड्यांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या बोटींवर गेली. मुंबईच्या बोटींवर साधारण अशी वाटणी असे: डेकवर कोकणी मुसलमान आणि गुजरातच्या किनाऱ्याचे लोक, इंजिनात पंजाबी आणि पठाण, सलूनमध्ये गोव्याचे ख्रिस्ती. कलकत्त्याच्या बोटींवर सिल्हेट, नोआखाली, चितगाव. भरती सारंगाच्या हातात. तो ज्याला ओळखतो तो चढणार, म्हणून एका गावचे, एका घरातले चारचौघे एकाच बोटीवर. त्याचा अर्थ युद्धात असा झाला की एक टॉर्पेडो लागला की एकाच वाडीत एकदम अनेक घरी अंधार.

इथे घाटावरच्या वाचकांनी एक फरक ध्यानात घ्यावा. आमच्या कोल्हापूर-सातारा भागात फौजेची परंपरा आहे. पहिल्या महायुद्धात या गावातून इतके गेले आणि इतके परत आले नाहीत, असे संगमरवरी दगड गावोगावी भिंतीत बसवलेले दिसतात. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे ४६ जवान त्या युद्धात गेले, गावाला 'मिलिटरी अपशिंगे' हेच नाव पडले. सरकारने फौजेची मोजणी गावागणिक केली म्हणून दगड लागले. खलाशी सरकारचा नव्हता, कंपनीचा होता, करारापुरता. त्याच्या गावाला कोण दगड पाठवणार? कोकणात खाड्यांकाठी फिरताना जहाजींच्या नावाचा असा दगड माझ्या पाहण्यात आलेला नाही.

पगाराचे बोलायचे तर तो त्याच बोटीवरच्या गोऱ्या खलाशाच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध जाहीर झाले तेव्हा धोका सगळ्यांना सारखाच झाला, पण भत्ता सारखा नव्हता. म्हणून त्याच हिवाळ्यात इंग्लंडच्या बंदरांत भारतीय खलाशांनी कामाला नकार दिला. शेकडोंना तुरुंगात टाकले गेले. तरी ते मागे हटले नाहीत आणि पगार वाढवून घेतला. 'युद्धात शांतपणे कर्तव्य करणारे निष्ठावंत लास्कर' असे वर्णन नंतरच्या सरकारी पुस्तिकांत येते. निष्ठेची गोष्ट सांगणाऱ्यांनी या संपाचीही सांगावी.

आणि बिनतारीच्या खुर्चीत आपला माणूस होता का? ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर अधिकारीपद बहुतांशी गोऱ्यांचेच. म्हणून सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी नरोत्तम मोरारजींबरोबर १९१९ मध्ये उभ्या केलेल्या सिंदिया कंपनीचे महत्त्व. मुंबईत 'डफरिन' या शिक्षण-जहाजावर १९२७ पासून भारतीय पोरे अधिकारी व्हायला शिकू लागली. सिंदियानेही युद्धात किंमत मोजली. १९४२ च्या जानेवारीत तिच्या 'जलराजन' आणि 'जलतरंग' या बोटी जपानी पाणबुडीने बुडवल्या, १९४३ च्या ऑक्टोबरात 'जलबाला' जर्मन पाणबुडीने. नौदलात तर बिनतारीचे शिक्षण घेतलेले भारतीय तरुण बरेच होते. त्यांची शाळा म्हणजे मुंबईतली 'तलवार'. १८ फेब्रुवारी १९४६ ला नाविकांचा उठाव त्याच शाळेतून सुरू झाला हा योगायोग नव्हे. दुसऱ्यांचे संदेश रात्रंदिवस ऐकणाऱ्यांना जगात काय चालले आहे ते आधी कळते, आणि संपाची बातमी जहाजाजहाजांवर पोहोचवायला यंत्रही त्यांच्याच हाताशी होते. त्या संपसमितीचे अध्यक्ष एम. एस. खान सिग्नलवाले, उपाध्यक्ष मदनसिंग तारवाले.

या सगळ्यात एक बाजू अशी आहे जी इंग्रजी पुस्तकांत कुठे येत नाही, कारण ती त्यांना दिसण्यासारखीच नाही. ती घरी बसलेल्या बाईची.

समुद्रात बुडून मरणाऱ्याला आपल्या धर्मात शहीदाचा दर्जा आहे, हे हदीसमध्ये स्पष्ट आहे. पण तो मेला हे आधी कळायला हवे. मय्यत नाही, गुस्ल नाही, कफन नाही. कोकणी मुसलमान शाफई आहेत, त्यांच्या फिक्हमध्ये समोर मय्यत नसताना गायबाना जनाजाची नमाज होते. आमच्याकडे घाटावर बहुतेक हनफी, आमच्यात ती होत नाही. म्हणजे कोकणातल्या मशिदीत निदान चार सफी उभ्या राहून निरोप देऊ शकत होत्या. पण कधी? बोट बुडाल्याची पक्की खबर आली तर. खबर नसेल तर तो मरण पावलेला नाही, तो 'मफकूद' म्हणजे बेपत्ता. बेपत्ताची बायको विधवा नसते. तिची इद्दत सुरू होत नाही, चार महिने दहा दिवस मोजायला पहिला दिवसच नसतो. दुसरा निकाह नाही, वारसाची वाटणी नाही. हनफी फिक्हप्रमाणे त्याच्या वयाची माणसे मरेपर्यंत थांबायचे, म्हणजे जवळपास आयुष्यभर. शाफई मतातही खात्री होईपर्यंत थांबण्याकडेच कल. मालिकी मताने चार वर्षे. हिंदुस्थानातल्या बायकांची ही कोंडी पाहून मौलाना अशरफ अली थानवी यांनी हनफी असूनही मालिकी मत स्वीकारायची वाट मोकळी केली होती. त्याच विचारातून 'मुस्लिम विवाह विच्छेद कायदा' आला आणि नवऱ्याचा चार वर्षे ठावठिकाणा नसेल तर बाईला कोर्टातून विवाह मोडून घेता येईल अशी तरतूद झाली. कायद्याची तारीख पाहा, १७ मार्च १९३९. साडेपाच महिन्यांनी युद्ध सुरू झाले.

आता पुन्हा त्या खोलीकडे पाहू. टिलावाचा संदेश गेला, जागा कळली, वाचलेले परतले. आपला माणूस त्यांच्यात नसेल तर तो कुठे आणि कोणत्या दिवशी गेला हे घरच्यांना कळू शकत होते. बाईला दिवस मिळाला. जिथे तार तुटली, किंवा बोट बिनबोभाट नाहीशी झाली, तिथे कंपनीच्या कचेरीत महिनोन्‌महिने एकच उत्तर, बोट पोहोचलेली नाही. त्यातच काहीजण खरोखर जिवंत असत. दुसऱ्या महायुद्धात बाराशेहून अधिक भारतीय खलाशी शत्रूच्या कैदेत होते, जर्मनीत ब्रेमेनजवळच्या मिलाग नॉर्ड छावणीतही होते. म्हणजे थांबणारीची आशा खुळी नव्हती. डंकनसारखा माणूस खुर्चीत बसून टिकटिक करत होता तेव्हा त्याच्या डोक्यात इद्दत आणि मफकूद असणे शक्यच नाही. पण त्या टिकटिकीवर कोकणातल्या एखाद्या बाईचे पुढचे आयुष्य अवलंबून होते, हे त्याला ठाऊक नसले तरी खरे होते.

आणि आता ते पुस्तक. मुंबईत मस्जिद बंदर स्टेशनच्या पूर्वेला, मस्जिद सायडिंग रोडवर, भारतीय खलाशांसाठी बांधलेले 'सेलर्स होम' आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक जहाजींचे स्मारक तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धात सुमारे ६,६०० भारतीय खलाशी गेले असे मानले जाते. त्या युद्धात नौदलातून आणि व्यापारी जहाजांवरून गेलेल्या सहा हजारांहून अधिक जणांची नावे एका स्मृतिपुस्तकात आहेत. या पुस्तकाच्या दोन प्रती आहेत, एक इथे, दुसरी चितगावच्या युद्ध-कबरस्तानात. फाळणीने खलाशांची घरे दोन देशांत गेली म्हणून पुस्तकही दोन ठिकाणी ठेवावे लागले. पण फाडून वाटणी केलेली नाही. रत्नागिरीचा सारंग चितगावातही आहे आणि सिल्हेटचा आगवाला मस्जिद बंदरातही. १९४७ नंतर अशी एकत्र राहिलेली यादी विरळाच.

लंडनच्या टॉवर हिलवर ब्रिटिश व्यापारी नाविकांचे भव्य स्मारक आहे. दोन्ही युद्धांची मिळून पस्तीस हजारांहून अधिक नावे, जहाजागणिक लावलेली. गेरसोप्पाचेही नाव तिथे कोरलेले आहे. त्याखाली तिचे भारतीय खलाशी नाहीत, ते मुंबई-चितगावच्या पुस्तकात. एकाच होडीत बसलेली माणसे मेल्यावर दोन खंडांत वाटली गेली. एप्रिल २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने स्वतःच अहवाल काढून मान्य केले की पहिल्या महायुद्धातल्या आशियाई आणि आफ्रिकी मृतांपैकी हजारोंना बरोबरीची आठवण दिली गेली नाही आणि लाखाहून अधिकांची नावेच कुठे घेतली गेली नाहीत. ब्रिटिश संसदेत माफीही मागितली गेली. त्या मानाने दुसऱ्या युद्धातले आपले खलाशी सुदैवी म्हणायचे, त्यांची नावे निदान कागदावर आहेत. टॉवर हिलवर येणाऱ्याजाणाऱ्याला नावे दिसतात, पुस्तक मात्र कोणी उघडले तरच दिसते, एवढाच फरक. मला तो लहान वाटत नाही.

ती यादी आता कमिशनच्या संकेतस्थळावरही शोधता येते. वाचायला मात्र सवय लागते. नावे इंग्रज कारकुनाने ऐकली तशी लिहिलेली. आपल्याकडे कोकणात नाव, मग बापाचे नाव, मग आडनाव किंवा गाव, आणि ही साखळी कुठेही तोडलेली असू शकते. हुसेन, इब्राहिम, दाऊद, आदम अशी नावे पुन्हापुन्हा येतात. नुसत्या नावावर आपला माणूस ओळखू येत नाही, जहाज आणि तारीख लागते. काही नोंदींपुढे बापाचे नाव किंवा गावही आहे, पण स्पेलिंग असे की ते गाव माहीत असलेल्यालाच उमगावे. हे काम लंडनमधल्या अभ्यासकाचे नाही. बाणकोटच्या, हर्णैच्या, दाभोळच्या माणसाचे आहे. घरात जुनी ट्रंक असेल तर तिच्यात खलाशाचे सर्टिफिकेट, म्हणजे आजही जहाजी ज्याला सीडीसी म्हणतात त्याचा पूर्वज, सापडू शकते. त्यावर एकेका बोटीचा शिक्का असतो. शेवटचा शिक्का आणि त्यापुढचा कोरा भाग, यावरून बोट काढता येते. कंपनीचे पत्र असेल, ठरावीक रक्कम घरी पाठवल्याच्या पावत्या असतील, मशिदीच्या जमातीच्या वहीत गायबाना जनाजाची नोंद असेल. यातले बरेच उर्दूत किंवा मोडीत आहे आणि ते वाचणारे हात दरवर्षी कमी होताहेत. मोडी मला येत नाही, उर्दू कागद असेल तर वाचून द्यायला मी तयार आहे.

गेरसोप्पातून चांदीबरोबर आणखी एक गोष्ट वर आली. टपालाच्या थैल्या. चिखलात गाडल्या गेल्याने हवा लागली नाही, आणि सातशेहून अधिक पत्रे सत्तर वर्षांनंतरही वाचता येण्याजोगी राहिली. हिंदुस्थानातून इंग्लंडात आईला, बायकोला लिहिलेली, ख्याली-खुशालीची. २०१८ मध्ये लंडनच्या टपाल संग्रहालयात ती लोकांसमोर मांडली गेली आणि काही पत्रे लिहिणाऱ्यांचे नातेवाईकही शोधून काढले गेले. ती सगळी पत्रे जहाजाने नेलेली होती. ज्यांनी ते जहाज चालवले, त्यांची पत्रे उलट दिशेने, दुसऱ्याच कुठल्या बोटीतून घराकडे निघाली असणार. ती कोणाच्या तरी ट्रंकेत अजून असतील.